दार वाजता कामा नये

गाडी ही मुक्कामाला पोचण्यासाठी नसून, तिला चार दारं असतात आणि त्या दारांत स्पीकर बसवता येतात एवढ्याचसाठी ती शोधून काढली गेली, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमचे दाजी लातूरला शाळेत गणित शिकवायचे. फार उत्तम शिकवायचे असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मला त्यातलं काही ठाऊक नाही, कारण माझ्याशी त्यांनी गणितावर कधी अवाक्षर काढलं नाही. माझ्याशी ते बोलले ते दारांवर. इंजिन गरम होतंय, टायर गुळगुळीत झालेत, ब्रेक लागता लागत नाहीत, असल्या गोष्टी दाजींच्या लेखी किरकोळ. "त्याला मेस्त्री हायत की," म्हणून ते सोडून देतात. पण एखाद्याच्या गाडीचं दार लावताना 'धप्प' असा भरीव आवाज न येता 'खळ्ळ' झालं, की पोरानं फळ्यावर दोन अधिक दोन पाच लिहिल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

दार तपासायची त्यांची एक रीत आहे. मधलं बोट वाकवून ते दारावर वरून खाली ठोकत येतात आणि कान लावून ऐकतात, बाजारात कलिंगड घेणाऱ्या माणसासारखे. ही सवय इतकी अंगवळणी पडली की समोर कपाट, टेबल, बँकेचा काउंटर, काहीही आलं तरी त्यांचं बोट आपोआप वाकतं. नांदेडला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, मुलगी चहा घेऊन आली, आमच्या आईनं तिला नाव विचारलं, आणि बघतो तर दाजींची खुर्ची रिकामी. मी हळूच बाहेर डोकावलो. गृहस्थ अंगणात उकिडवे बसून मुलीच्या वडिलांच्या गाडीला कान लावून होते. आत येऊन त्यांनी भर बैठकीत निकाल दिला, "स्थळ चांगलं हाय. दारं तेवढी पोकळ हायत." मुलीच्या आईचा चेहरा पडला. "सागवानी आहेत हो," त्या कशाबशा म्हणाल्या. एवढं होऊनही लग्न ठरलं, यात माझ्यापेक्षा माझ्या सासरच्या मंडळींचं मोठेपण जास्त आहे.

त्या बैठकीला ताई आली नव्हती. ती कुठेच येत नव्हती, आणि दाजींच्या या सगळ्या वेडाचं मूळ तिथंच आहे. भूकंप झाला तेव्हा किल्लारीकडच्या गावांवर जे गुदरलं त्यापुढे लातुरातल्या ताईच्या घराचं काहीच झालं नाही. भिंतींना दोन-चार भेगा पडल्या, एवढंच. पण ताईला जाग आली होती ती स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी खडखडल्यामुळे. ती खडखड तिच्या कानात बसली ती बसलीच. तिनं मांडणी रिकामी केली, भांडी जुन्या लुगड्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. बशीत कप वाजला तरी ती अंगणात जाऊन उभी राहायची. एसटीत तर खिडक्यांपासून कंडक्टरच्या घंटीपर्यंत सगळंच वाजतं. ती एकदा धीर करून बसली आणि चाकूर यायच्या आत उतरली. तेव्हापासून तिचं नांदेडला, माहेरी येणं थांबलं. आई जमेल तशी लातूरला जाऊन तिला भेटून यायची. पण आता माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात व्हायची होती, लग्न नांदेडलाच होणार होतं, आणि मला बहीण एकुलती एक. करवली म्हणून दुसऱ्या कुणाला उभी करायची कल्पना आईला सहन होईना. ताई मला म्हणाली, "मी काय करू रे? दार वाजलं की वाटतं, सुरू झालं."

दाजींनी हे ऐकून घेतलं आणि एक जुनी, दुसऱ्यानं मनसोक्त वापरून झालेली गाडी दारात आणून उभी केली. तिचा एक हॉर्न सोडला तर बाकी सगळं वाजत होतं. दाजी मात्र खुशीत होते. "खडखडीपेक्षा मोठा आवाज काढला की खडखड ऐकूच येनार न्हाई," त्यांनी मला समजावलं. "सोपं गणित हाय, पाव्हणं." म्हणून त्यांनी दारांचे पत्रे उचकटले, भोकं पाडली आणि चारी दारांत स्पीकर बसवले. पहिल्या दिवशी असं कळलं की स्पीकरचा लोहचुंबक आत काचेच्या वाटेत येतोय. काच अर्ध्यावर येऊन थांबायची. तो अख्खा उन्हाळा दाजींनी अर्ध्या काचांनिशी काढला, लातूरच्या उन्हाळ्यात. दुसऱ्या दिवशी असं कळलं की एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्यात, त्यामुळे गाणारी बाई समोरून न गाता मागच्या सीटवर बसून कुणाच्या तरी कानात कुजबुजल्यासारखी गाते. आणि तिसऱ्या दिवशी असं कळलं की स्पीकर वाजायला लागला की दार पूर्वीच्या दुप्पट खडखडतं. गणित सोपं होतं, पण उत्तर चुकलं होतं.

इथे दुसरा कुणी असता तर त्यानं नाद सोडला असता. दाजी शाळामास्तर. चुकलेलं उदाहरण पुन्हा सोडवायचं एवढंच त्यांना माहीत. स्पीकर काचेपासून दूर राहावा म्हणून मधे लाकडी कडं हवं होतं, त्यासाठी त्यांनी ताईचा पोळपाट मधोमध गोल कापला. दुसऱ्या दारासाठी शेजारच्या काकूंचा मागून आणला आणि तोही कापला. त्या काकू पुढे कितीतरी दिवस "सर, माझा पोळपाट गाणं म्हनतो का हो नीट?" असं विचारायच्या. दारांच्या पोटात भरायला त्यांनी डाळ मिलमधून जुन्या पट्ट्याचं रबर आणलं, गळक्या गच्चीला लावतात ती डांबरी चादर आणली, घरातली एक गादी उसवून तिचा कापूस आणला. आत सुटी पडलेली प्रत्येक तार चिंध्यांत गुंडाळली. मी एकदा रविवारी गेलो तर अंगणात चारी दारं आडवी, मधे दाजी, आणि वासावरून वाटावं की डांबराचा रस्ता घरात शिरलाय. "काय करून राहिलात, दाजी?" मी विचारलं. "दाराचं तोंड बंद करून राहिलो," ते म्हणाले.

दार गप्प झालं की नाही हे ठरवायचा अधिकार एकट्या ताईचा. तिच्यासारखा कान सगळ्या गल्लीत कुणाला नव्हता. दाजी इंजिन चालू करून गाणं लावायचे आणि ताई ओट्यावरून सांगायची, "मागचं डावं." दाजी मागचं डावं उघडायचे. "आता पुढचं. खालून येतंय." असं किती संध्याकाळी चाललं. गाणी कुठली लागली याकडे दोघांचंही लक्ष नसायचं. मग ताई ओट्यावरून उतरून गाडीजवळ उभी राहू लागली. मग आत बसू लागली, पण दार उघडं ठेवून आणि एक पाय बाहेर जमिनीवर टेकवून. तो पाय आत घे असं दाजींनी तिला एकदाही म्हटलं नाही. ते फक्त दार ठोकायचे, ऐकायचे आणि पुन्हा आत कापूस कोंबायचे.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ताईनं तो पाय आत घेतला. सकाळी लातुराहून निघालेली गाडी दुपार उलटली तरी नांदेडला पोचली नव्हती. आईचा जीव टांगणीला लागला. मामांनी तर ती चाकूरलाच उतरली असणार असं जाहीर करून टाकलं आणि करवलीचा मान कुणाला द्यायचा यावर त्यांची बोलणीही सुरू झाली. एवढ्यात गाडी मांडवापाशी आली, ट्रॅक्टरनं मागे टाकावी इतक्या संथ चालीनं. दाजी उतरले, ओठांवर बोट ठेवून. "हळू. झोपली हाय," ते म्हणाले. सगळा मांडव गप्प झाला. वाजंत्रीवाल्यांनी पिपाण्या खाली ठेवल्या. आई चवड्यांवर चालत गाडीपाशी गेली आणि काचेतून ताईकडे बघत उभी राहिली. मला नवरदेवाला शोभणार नाही इतकं रडू आलं.

त्या दिवसापासून दाजींचा आत्मविश्वास आटोक्यात राहिला नाही. "लातूर ते नांदेड झोपून आली," हे वाक्य त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. पुढे लातुरात क्लासेसची लाट आली. गल्लोगल्ली पाट्या लागल्या, घरांवर मजले चढले, भोकर-नायगावकडून आईबाप पोरांना घेऊन येऊ लागले. गणिताच्या मास्तरला तर लोकांनी देव्हाऱ्यात बसवायचं बाकी ठेवलं. दाजींकडेही रांग लागायची. "सर, आमच्या पोराला तेवढं बसवून घ्या," असं हात जोडून म्हणणाऱ्याला दाजी विचारायचे, "गाडी कुठली आणलीत?" आणि बाहेर येऊन दार ठोकायला लागायचे. पोराला क्लास मिळायचा नाही, पण जाताना बापाच्या गाडीत स्पीकर बसलेला असायचा. शिकायला राहिलेल्या पोरांसाठी रविवारी डबे घेऊन येणारे पालक क्लासातली परीक्षा होईपर्यंत बाहेर ताटकळत बसत, त्यांना तर दाजींनी सोडलंच नाही. एक गृहस्थ मला सांगत होते, "मुलगा डॉक्टर झाला न्हाई, पण गाडी लई छान वाजती."

गेल्या वर्षी माझी मुलगी क्लाससाठी लातूरला ताईकडे राहिली आणि माझंही डबे नेणं सुरू झालं. एका रविवारी दाजी बाहेर माझ्या गाडीचं दार उघडून बसले होते. आत ताई भाकरी थापत होती. मी सहज म्हणालो, "काही म्हण ताई, तुझ्या त्या झोपेवर दाजींनी जन्म काढला."

ताईनं तव्यावरची भाकरी उलटली. "झोपले कुठं रे मी?" ती म्हणाली. "अहमदपूर सोडल्यापासून मागचं डावं वाजत होतं. बारीक, टिकटिक. लोहा आलं, नांदेड आलं, थांबलं नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तिथंच रस्त्यावर दार खोललं असतं, आणि तुझं लग्न करवलीवाचून झालं असतं." तिनं पीठ मळायला घेतलं. मळता मळता म्हणाली, "भीती वाटत होती की. मी घामानं भिजले होते. पण ते आरशातून सारखे बघत होते माझ्याकडं. इतके दिवस मरमर केली होती त्यांनी. मग मी डोळे मिटून घेतले. त्यांना बरं वाटलं, किलकिल्या डोळ्यांनी बघितलं मी. त्यांना बोलू नको हां."

मी दाजींना काही बोललो नाही. नवरा-बायकोचं प्रेम या विषयावर मी पुष्कळ ऐकलेलं आहे, पण चार तास खडखड ऐकत गाढ झोपून दाखवणं हे मला नवीन होतं.

दाजी आता गाडी चालवत नाहीत. डोळ्यांना जमत नाही. गेल्या महिन्यात आईला बघायला मीच दोघांना माझ्या गाडीतून नांदेडला घेऊन चाललो होतो. दाजी शेजारी, ताई मागे. अहमदपूरच्या पुढे रस्ता उखडलेला लागला. दाजींनी मान वळवून मागे पाहिलं, गाण्याचा आवाज कमी केला आणि माझ्याकडे झुकून कुजबुजले, "बघा. झोपली."

मी आरशात पाहिलं. ताईचे डोळे मिटलेले होते. मांडीवरच्या पिशवीचे बंद तिनं दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरले होते.

"हो, दाजी," मी म्हणालो, "गाढ झोपलीय." आणि गाडी आणखी हळू केली.