मधला अल्बम

"इथे ऐक. घाबरलीये ती," असं म्हणत दादा आपले हेडफोन माझ्या कानांवर चढवायचे आणि माझा चेहरा न्याहाळत उभे राहायचे. ती म्हणजे ब्राझीलची एक गायिका. तिच्या एका अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात यंत्राचे ढोल सुरू होतात आणि गायला लागण्याआधी ती एक श्वास घेते. मला त्यात भीतीबिती काही ऐकू यायची नाही. मी मान डोलवायचो, कारण कॉफी गार होत असायची.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, विषय कुठलाही निघो, गाडी आपल्याच रुळावर आणणारा. जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या आमच्या छोट्या कंपनीत दादा इंजिनांचे आवाज तपासायचे. मूळचे सोलापूरचे, पन्नाशीला टेकलेले. कॉफी मशीन खरखरलं तरी त्यांचं कामात लक्ष लागायचं नाही.

तो अल्बम त्यांना इथल्या पहिल्या भाड्याच्या घरात एका ब्राझीलच्या सोबत्याने दिला होता. त्याआधी ही बाई नुसत्या गिटारवर, हळू आवाजात गायची. त्यानंतर तिने जगभरची मैदानं नाचवली. हा मधला. अर्धी गाणी गिटारवरची, अर्धी मशीनवरची. जुने चाहते म्हणाले पैशासाठी विकली गेली, नवे म्हणाले अजून जुनाटच आहे.

"आज तिकडची कुठलीही पोरगी गिटार आणि मशीन एकत्र घेऊन गाते ना, ती ह्याच दारातून आलीये," दादा म्हणायचे. "पण लोक आधीचा ऐकतात, नाहीतर नंतरचा. ह्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत."

मग कंपनीने इंजिनांचं काम बंद करायचं ठरवलं. विजेच्या गाडीचा आवाजच येत नाही, म्हणून पायी चालणाऱ्यांना सावध करायला तिला एक बनवलेला आवाज द्यावा लागतो. त्या कामासाठी नवी टीम होणार होती. दादांनी एक नमुना करायचा. पसंत पडला तर टीममध्ये जागा, नाहीतर आउफहेबुंग, म्हणजे आपखुशीने निघाल्यासारखी सही करून घरी.

दादा चिडचिडे झाले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडेनात.

"वहिनींना सांगितलंत का?" मी विचारलं.

"आल्झो, हे बघ, पसंत पडला की सांगेन. आधी कशाला घोर?" आणि पुन्हा हेडफोन पुढे केले.

माझं डोकं फिरलं. "दादा, हा अल्बम आपण कौतुकाने ऐकतो कारण तिचा पुढचा निघाला. नसता निघाला तर?"

त्यांनी हेडफोन गळ्यात घेतले आणि डबा तसाच उचलून जागेवर गेले. मी रागाने विचारलं होतं, पण प्रश्न खोटा नव्हता.

नमुना ऐकवायच्या दिवशी आम्ही सगळे भिंतींना स्पंजाचे सुळके लावलेल्या चाचणीच्या खोलीत जमलो. दार बंद झालं. दादांनी बटण दाबलं. नवा गुळगुळीत सूर उमटला आणि त्याच्या खाली, हो, जुन्या इंजिनाची घरघर! गाडीने वेग घेतला की ती हळूहळू विरत जायची. बाकी कुणी असं केलं नसतं. मला ते ऐकताना भरून आलं, आणि त्याच वेळी कळलं की दादा आता बुडाले.

आवाज थांबला.

"हे धड इंजिन नाही, आणि धड इलेक्ट्रिकही नाही," बॉसबाई म्हणाल्या.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" दादा म्हणाले. किती आनंदाने म्हणाले हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी नेमकं कळलं, असंच त्यांना वाटलं. बाई लॅपटॉप मिटून उठल्या, तेव्हा दादांचा चेहरा उतरला.

दादांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांचे स्पीकर न्यायला वहिनी आल्या. दादांनी त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ट्रामच्या थांब्यावर खोकी उतरवत त्या म्हणाल्या, "अहो, एवढे दिवस एकट्याने सोसलंत? मी काय तुमची बॉस होते का?"

दादा माझ्यासमोर, भर रस्त्यात रडले. वहिनींनी खोकं एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरलं.

पुढे दोघांनी इथलं घर सोडलं. कुणी म्हणतं कोलोनला गेले, कुणी म्हणतं सोलापूरला. मी दोन्हीकडे चौकशी केली. दादांचाही पुढचा कुठेतरी निघावा आणि माझा तो प्रश्न खोटा ठरावा, एवढीच इच्छा आहे. अजून तरी काही कानावर आलेलं नाही.