सूनबाईने न मोजलेला निरोप

माझी सून एका मोठ्या इस्पितळात संगणकांचं जाळं सांभाळते. कोणी विचारलं की मी आधी छाती फुगवते, मग सांगते. तिथे खाटेशेजारच्या यंत्रापासून डॉक्टरांच्या संगणकापर्यंत सगळं तारांनी जोडलेलं असतं. तारा जिथे एकत्र येतात तिथे लुकलुकणाऱ्या पेट्या असतात, त्यांना स्विच म्हणतात. आलेला निरोप कुठल्या तारेने पुढे धाडायचा, ते काम स्विचचं.

तारांचा गुंता तिला बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी टीव्हीमागे शिरून वायरी सोडवत बसते. लाज आणते मेली. पण तिने हात लावलेली वायर परत गुंतत नाही, हेही खरं.

इस्पितळाचं सगळं जाळं बदलायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, जुनी पद्धत ठेवायची की नवी आणायची. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्विच आपल्या डोक्याने चालतो. नव्या पद्धतीत सगळ्यांच्या वर एक कंट्रोलर नावाचा प्रोग्राम बसतो. स्विचला काही नवं दिसलं की तो वर विचारतो, आणि एकदा उत्तर मिळालं की पुढच्या वेळी विचारत नाही. हे ऐकून माझा मुलगा म्हणाला, कंट्रोलर म्हणजे आपली आईच की. आमच्या घरात डबा कुठे ठेवायचा ते मी ठरवते, हे खरं आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

दोन्ही पद्धती ताडून बघायचं काम सुनेकडे आलं. तिने अख्खं इस्पितळ संगणकाच्या आतच उभं केलं, एकदा जुन्या पद्धतीने, एकदा नव्या. मग त्यात खोटे निरोप सोडून कोण वेगाने पोहोचवतं ते मोजलं. नवी पद्धत सहज जिंकली. तिचे साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांना नवीच पद्धत हवी होती. इस्पितळाच्या समितीने तुझा अहवाल मान्य केला की माझी खुर्ची तुझी, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. या खुर्चीसाठी पोरीने किती वर्षं घासली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी चहाचा डबा हलवून दुसऱ्या फळीवर ठेवला आणि बहिणीशी फोनवर बोलत बसले. मुलगा स्वयंपाकघरातून ओरडतोय, आई, डबा कुठंय? मी फोनवर. शेवटी पाणी आटलं, भांडं करपलं. सून आधी खदखदून हसली, मग हसता हसता थांबली आणि संगणक उघडून बसली.

तिच्या आकड्यांत चूक निघाली, आणि ती तिचीच होती. चाचणी घेताना पहिला निरोप मोजायचा नाही, अशी त्यांच्या धंद्यातली जुनी सवय. सुरुवातीला यंत्रं जरा अडखळतात, म्हणून तो सोडून द्यायचा. जुन्या पद्धतीत त्याने फारसं बिघडत नसे. पण नव्या पद्धतीत वर विचारायला जो वेळ जातो तो नेमका पहिल्याच निरोपाला, डबा विचारत बसलेल्या माझ्या मुलासारखा. तोच तिने प्रत्येक वेळी टाकून दिला होता.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना, कुणाला कळणार आहे?"

सून आकडे तपासतच राहिली. मी बोलले. "तिला कळलंय. तेवढं पुरे."

बैठकीत काय झालं ते पुढे साहेबांनीच घरी येऊन सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, माझे आकडे चुकलेत, अहवाल परत घेते. साहेबांचा चेहरा पडला. समितीत हृदयरोगाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, आपल्याकडे पहिला निरोप म्हणजे कोणता? सून म्हणाली, "रोग्याचं हृदय बिघडलं, की त्याच्या खाटेवरच्या यंत्राची पहिली हाक."

तिने सगळं नव्याने केलं, पहिल्या निरोपासकट. रोजच्या कामात जुनी पद्धत थोडी पुढे निघाली. मात्र एखादी तार तोडून पाहिली की जुनी चाचपडत बसे आणि नवी झटकन दुसरी वाट काढी. तेव्हा तिने उपाय काढला, नवीच पद्धत घ्यायची, पण रोग्यांच्या यंत्रांच्या वाटा स्विचना आधीच शिकवून ठेवायच्या, म्हणजे त्यांनी कुणाला विचारायचंच नाही. तेही चालवून, मोजून दाखवलं, आणि समितीने मान डोलावली.

खुर्ची तिलाच मिळाली. तुमचा चेहरा पडला होता ना, मग कशी दिली, असं मी साहेबांना तोंडावर विचारलं. ते हसले. म्हणाले, "न विचारता स्वतःची चूक सांगणारं माणूस मला तिथे दुसरं दिसलं नाही. रोग्यांच्या हाका आणखी कुणाच्या हाती देऊ?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, माझी सून आहे ती.

साहेब गेल्यावर मी चहाचा डबा फळीवरून काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, "कुठे ठेवायचा ते आता तू ठरव. मी तुला विचारीन."