रिकाम्या विहिरीतली मोटरसायकल

माझ्या आवाजासाठी मला आयुष्यात एकदाच कामावर ठेवलं गेलं, आणि त्या कामाची मला अजून लाज वाटते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वाईजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. मे महिन्याच्या सुटीत सांगलीला सासुरवाडीत आंबे खात लोळण्यापलीकडे मला उद्योग नव्हता. त्या वर्षी कृष्णेकाठच्या मैदानावर फिरता मीनाबाजार उतरला होता. आकाशपाळणा होता, आरसेमहाल होता, आणि सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे मौत का कुआ. लाकडी फळ्यांची उंच गोल विहीर. तिच्या उभ्या भिंतीवरून मोटरसायकल गरगर फिरायची आणि लोक वरच्या कठड्यावरून डोळे फाडून बघायचे. मालकाला माइकवर बोलणारा माणूस हवा होता. मेहुण्यानं माझं नाव सुचवलं. "पोरांवर ओरडून ओरडून कमावलेला आवाज आहे," असंही वर सांगितलं. मी चिडायला हवं होतं, पण हरखूनच गेलो.

मी रुजू झालो त्याच्या आदल्याच दिवशी कुव्यातला स्वार पडला होता. डोक्याला मार लागून तो मिरजेला दवाखान्यात बेशुद्ध होता. दुसरा स्वार नव्हता. म्हणजे कुआ बरेच दिवस बंद राहणार हे उघड होतं. मालकानं मात्र पहिल्याच संध्याकाळी मला ताकीद दिली.

"मास्तर, माइकवर 'बंद' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'थोड्याच वेळात सुरू होत आहे' एवढंच म्हणायचं. थांबलेला माणूस भजी खातो, पाळण्यात बसतो. गेलेला माणूस परत येत नाही."

लोकांना खरं वाटावं म्हणून मिस्त्री आत मोटरसायकल स्टँडवर चढवायचा, तिची मूठ पिळून तारेनं बांधायचा आणि बाहेर येऊन चहा पीत बसायचा. आत इंजिन गर्जत राहायचं. पेठेतले हमाल, बायकापोरं, सगळे त्या आवाजाकडे बघत उभे राहायचे, आणि मी दर पाच मिनिटांनी तेच वाक्य म्हणायचो. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना ती आली. वडूजच्या पलीकडच्या माळावरची मेंढरं राखणारी बाई, साठीची असेल. हातात काठी, पाठीला बोचकं. सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "आवं मास्तर, माजं लेकरू हाय ह्यात. गाडी चालवितंय."

मी मालकाकडे बघितलं. त्यानं हळूच होकाराची मान हलवली.

तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून मेंढरं टाकून निघून गेला होता. बाप आता वारला होता. मुलगा इथं असल्याचं तिला सांगलीच्या बाजाराला आलेल्या गावच्या माणसांकडून कळलं होतं. तिला त्याला घरी न्यायचं होतं, नाहीतर निदान डोळ्यांनी बघायचं होतं. वर चढून मात्र ती बघणार नव्हती. "भितीवर चढल्यालं बघवायचं न्हाई मला. बसती हितंच. भाईर आला की भेटंल."

मालकानं मला बाजूला घेतलं. "डॉक्टर म्हणतात, आज-उद्या शुद्धीवर येईल. म्हातारीला उगाच कशाला घाबरवायचं?" मला ते पटलं. पटवून घेतलं, हे जास्त खरं.

मालकानं तिला सांगितलं, पोरगा आत सराव करतोय, रात्री मागच्या दारानं झोपायला जातो, खेळ सुरू झाला की भेटेल. ती कुव्याच्या जिन्याशी बसली आणि तिथलीच झाली. भाकरी सोडायची, कांदा फोडायचा, खायचं, आणि कान फळ्यांकडे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कंटाळा येत नाही का?"

"कटाळा कसला? रानात म्होरक्या मेंढराच्या गळ्यात घंटा आसती. मेंढरू टेकाडाआड गेलं तरी आमी उठत न्हाई. घंटा वाजतीया तवर काळजी न्हाई." मग फळ्यांवर तळहात ठेवून, लाजल्यासारखं हसत म्हणाली, "लय जोरात चालवितंय."

मला बसवेना. मी जिना चढून वर गेलो. संध्याकाळचं तांबडं ऊन विहिरीत तिरपं पडलं होतं. खाली मोटरसायकल एकटीच उभी होती. मागचं चाक हवेत फिरत होतं, फळ्या थरथरत होत्या, आणि भिंतीवर चाकाच्या सावलीचा गोल पळत होता. आत कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी माझी नजर त्या गोलामागे स्वार शोधू लागली. खाली येऊन मी माइक हातात घेतला आणि पुन्हा तेच म्हणालो. तिनं माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावली.

पाचव्या दिवशी मालक दुपारी मिरजेहून आला. चेहरा उतरला होता. काल पोरगा तासभर शुद्धीवर होता, असं त्यानं सांगितलं. आज सकाळी गेला. मग रुमालानं मान पुसत त्यानं मिस्त्रीला सांगितलं, "आज रविवार आहे. गाडी चालू ठेव."

त्या माणसाचा मला तेव्हा जेवढा राग आला तेवढा कधी कोणाचा आला नाही. पण चार दिवस बोलत होतो तो मीच होतो. मी माइक टेबलावर ठेवला, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुढे वाकावं लागलं.

ती रडली नाही.

"मी आली तवा जिता हुता?"

"होय."

"काल बी?"

"काल शुद्धीवर होता."

"मिरज किती लांब हाय हितनं?"

"सहा मैल."

"सा मैल," ती म्हणाली. "येवढं तर मी रोज मेंढरामागं चालती."

मग तिनं बोचकं पाठीला बांधलं आणि मला रस्ता विचारला. मी तो दाखवला.