हवल्लीतला पालकभात

मे महिन्यात कुवेतला हौसेने कोणी जात नाही. मी गेले ते धाकट्या बहिणीला, माधवीला, नाशिकला आणायला. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं.

मुंबईहून थेट विमान मिळालं, तरी पोचेपर्यंत अंगातलं त्राण गेलं. अबू हलीफातलं तिचं घर समुद्राला लागूनच. पण उन्हामुळे पडदे ओढलेले. तिचा नवरा निखिल रिफायनरीत शिफ्टला. मी मऊ भात केला, मेतकूट कालवलं. तिने ताट सरकवलं. "भूक नाही गं, ताई." रोज हेच. मीही थकले.

शुक्रवारी माधवी शिकवते त्या शाळेतल्या ग्रीक शिक्षिकेने, एलेनीने, जेवायला बोलावलं. माधवी हो म्हणाली, याचंच मला नवल वाटलं. तिचं घर लांब, हवल्लीत. तिथे जायचं तर टॅक्सीच करा. बस स्वस्त आहे, पण थांब्यावरचं ऊन सोसत नाही.

एलेनी साठीची, मोजकं बोलणारी. ऑलिव्ह तेलात कांदा परतून तिने ढीगभर पालक घातला, मग तांदूळ. "स्पानाकोरिझो. आजारी पडलं की आई हेच करायची," ती म्हणाली. मग तिने शेपूची जुडी चिरायला घेतली. माधवीला आठवण नको म्हणून मी नाशिकहून बाळंतशोपा, म्हणजे शेपूचं बीसुद्धा, मुद्दाम आणलं नव्हतं.

"शेपू नको," मी घाईने इंग्रजीत म्हटलं. "आमच्याकडे बाळंतिणीला देतात."

एलेनीचा हात थांबला. खुर्चीतून माधवी मराठीत म्हणाली, "मग घालू दे ना. मी बाळंतीणच आहे, ताई. कुणी म्हणतच नाही मला तसं."

एलेनीला भाषा कळली नाही, पण माधवीने मान हलवली तसा तिने सगळा शेपू आत लोटला.

हा भात गरमागरम खात नाहीत. कोमट झाल्यावर वर लिंबू पिळतात, सोबत खारट पांढरं चीज. माधवी रडत रडत जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. परतताना टॅक्सीत तिने बाळासाठी ठरवलेलं नाव मला सांगितलं.

माझ्याबरोबर ती आली नाही. "निखिललाही कोणीतरी हवं ना," म्हणाली. मी एकटीच परतले. पाय सुजलेले, बॅग तशीच दारात.

"जेवते का गं ती?" आईने विचारलं.

"जेवते."

नाव मात्र मी सांगितलं नाही. ते माधवीनेच आईला सांगायचं.