लातूरचा मेकॅनिक काय म्हणाला

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. मित्रांत नाही, भावापाशी नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या लोहा गावचे नाही. बघा — सुरुवातच भित्रेपणानं झाली.

माझी बायको सुनंदा शिवणकामाचा क्लास घेते. तिची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, मीच हौसेनं घेऊन दिलेली. गावातल्या गावात झकास चालते. अडचण एकच — नांदेडला गेली तर परत येण्यापुरती बॅटरी उरत नाही. आणि नांदेडला तिची आई एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, गुडघे धरलेले. खाली गाडी चार्जिंगला लावायची सोय नव्हती. बसनं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, म्हणून जाणं रविवारवर पडायचं.

मग तिला कुणीतरी सांगितलं, मोठी बॅटरी बसवून मिळते, जाऊन-येऊन पुरते. ती नुसती हरखली. क्लास आटोपला की दुपारी निघायचं, आईच्या केसांना तेल लावून द्यायचं, दिवेलागणीला घरी. सगळं ठरवूनही टाकलं. माझं हार्डवेअरचं दुकान, माल आणायला लातूरला जाणं होतंच. "अहो, तिथं मेकॅनिकला इचारून या की," म्हणाली.

मी विचारलं. खरंच विचारलं. त्यानं फोनमधले फोटो पाहिले, सीटखालच्या जागेचं माप विचारलं, मान डोलावली. "बसती की भाऊ. डब्बा मोठा हाय. बिनघोर घेऊन या."

इथवर मी सरळ माणूस होतो. पण परतीच्या वाटेवर — काय झालं मला? कसं सांगू? तोवर मला एक घाणेरडी सवय लागली होती. ती बाहेरून आली की मी हळूच गाडीची किल्ली फिरवून बघायचो, बॅटरी किती उतरलीय. संशय होता का? नाही हो. नुसतं बरं वाटायचं, की ती कुठवर जाऊन आली ते आपल्याला कळतं. त्यात दुकानात कुणीतरी हसत म्हणालं होतं, "वहिनी लई फिरून राहिल्या." मीही हसलो होतो, आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होतो.

घरी आलो आणि म्हणालो, "न्हाई बसत म्हणला. वायरी जळतेत. आग लागती."

आग! नुसतं 'बसत नाही' म्हणून भागलं नसतं का? पण मला तो विषयच परत नको होता. तो परत निघालाही नाही. उलट म्हणाली, बरं झालं तुमी इचारून आलात. त्या दिवसापासून आहे ती बॅटरी चार्जिंगला लावली, तरी ती हातातलं शिवण टाकून उठते आणि तापली का म्हणून हात लावून बघते. मी समोर बसलेला असतो. ही भीती मी तिला दिली.

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. माझ्यामुळं गेल्या असं मी म्हणत नाही, वय झालं होतं. पण त्या दोघींच्या दुपारी? त्या मी खाल्ल्या. तेराव्याला त्यांची शेजारीण मला सांगत होती, दुपारी दार उघडं टाकून बसायच्या, जिन्यात पाय वाजले की मान वर करायच्या. मी उगाच मांडवातल्या खुर्च्या सरळ करत राहिलो.

तेव्हा तरी सांगायचं होतं. नंतर कधीतरी — सांगायचं होतं. म्हटलं, आता जुनं झालं, मिटलं. मिटलं होतं का?

परवा समोरच्या घरातली सून आली, रेणुका. नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, रोज जायचं-यायचं. तिच्याकडंही तसलीच स्कूटर, मोठी बॅटरी बसवून घ्यावी म्हणत होती. घरचे म्हणतात, गाडी पुरत नसंल तर राहू दे शिक्षण.

सुनंदानं तिला जवळ बसवलं. "नको गं बाई. पेट घेती. आमचे हे लातूरला खुद्द इचारून आलेत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हो की न्हाई हो?"

दोघीही माझ्याकडं बघत होत्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

"हाव," म्हणालो. "आग लागती."