खानावळवाली

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. काम करताना लिफ्टच्या दाराला पाटी अडकवतात, ‘काम चालू आहे, बटण दाबू नये.’ घरी कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसले की तीच पाटी खोलीच्या दाराला. मी काय समजायचं ते समजले.

त्या गेममध्ये एक खानावळवाली आहे. ह्यांचा तलवारवाला गडी तिच्या दारात आला की ती म्हणते, “आलात? दमलात ना? हात धुऊन घ्या, वाढते.” त्या बयेला तेवढंच येतं. हे तोंडभर हसून म्हणतात, “हो, आलोच.”

मागच्या महिन्यात गेममधली खानावळ जळाली आणि ती बया गेली. ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी सहा महिन्यांचा खेळ पुसून टाकला आणि तिला वाचवायला पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या ऑपरेशनला ह्यांना रजा मिळाली नव्हती. ह्यासाठी दोन दिवसांची मिळाली.

काल ती पुन्हा भेटली. “आलात? दमलात ना?” ह्यांचे डोळे भरून आले.

एकोणीस वर्षं मी रोज हेच विचारत आले. सोमवारपासून मुद्दाम बंद केलंय. ह्यांना अजून पत्ताच नाही.