मुलगा उणे दंतवैद्य

स्थळ आलं की चौकशी कुणाकडे करायची, याचं आमच्या घराण्यात पक्कं शास्त्र होतं. मुलाच्या गल्लीतला इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि मिळालाच तर त्याच्यावर रागावलेला एखादा शेजारी. या तिघांनी मान डोलावली की पोरगा पास. पण दोन हजार साल उलटल्यावर माझ्या मामेबहिणीला स्थळ आलं ते थेट अमेरिकेतलं. तिथला इस्त्रीवाला कुठून आणायचा?

बहीण आमच्या नाशकातच शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरीत नुकतीच कायम झाली होती आणि तिला हे गाव सोडायचं नव्हतं. मुलाकडचे म्हणत होते, "शिक्षण संपलं की तो परत येणारच." असं सगळेच म्हणतात! तेवढं एक खरं की खोटं, हे तिला मुलगा बघायला येण्याआधी हवं होतं.

मी तेव्हा नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत इंटरनेटवर नेमकं शोधायच्या खुणा शिकलो होतो आणि भेटेल त्याला जादूगाराच्या थाटात त्या दाखवत होतो. असं गिऱ्हाईक मी सोडतो काय? एका संगणकापुढे आम्ही तिघं बसलो: मी, बहीण आणि तिचे वडील, म्हणजे माझे मामा. मामांची हयात कचेरीत पत्रं लिहिण्यात गेलेली. ते सांगू लागले, "लिही. महोदय, सदर मुलाच्या वर्तणुकीबाबत..."

"मामा, हा अर्ज नाही."

"मग विनंती केल्याशिवाय हा संगणक सांगेल कशाला?"

मी नुसतं नाव टाकलं. पानंच पानं आली. पहिल्याच पानावर एक दंतवैद्य हसत होता.

"अरे, हा तर दात काढतो! बायोडेटात लपवलं की!" मामा उठून उभे राहिले.

"तो दुसरा आहे, मामा. बसा."

मी बोटं मोडली. नाव आणि आडनाव एकत्र राहावं म्हणून दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली. मग उणे दंतवैद्य, म्हणजे उण्याची खूण लावून तो शब्द असलेली पानं वगळली. त्याच नावाचा एक फलंदाज निघाला, तोही उणे.

"एवढी माणसं घालवलीस?" मामा हळहळले. "त्यातला एखादा बरा असता तर?"

उरलं ते त्याच्या विद्यापीठाचं पान. त्यावर बायोडेटात होतं तेवढंच. माझा जादूगार गार पडला. तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, येणार म्हणून सगळेच सांगतात. पण खरंच येणारा माणूस सामानाची काळजी करतो. याच्या बायोडेटात आकाश बघायचा नाद लिहिलाय ना? दुर्बीणवाले कुठं गप्पा मारतात?"

हे माझ्या डोक्यात का नाही आलं, याचा राग मला आजही येतो. दुर्बीणवाल्यांचं गप्पांचं एक संकेतस्थळ सापडलं. साइट हा शब्द, पुढे विसर्गासारखे दोन ठिपके, त्याला चिकटून त्या संकेतस्थळाचा पत्ता. म्हणजे फक्त त्याच घरात शोध. मग अवतरणचिन्हांत त्याचं नाव आणि पुढे भारत. तेव्हा लोक भाबडेपणानं खाली आपलं पूर्ण नाव लिहीत.

एकच उत्तर आलं. त्यानं विचारलं होतं: माझी दुर्बीण भारतात कायमची न्यायची आहे, आरसा फुटू नये म्हणून कसा बांधू?

बहिणीनं ते तीनदा वाचलं. "कायमची," एवढंच म्हणाली.

"हे त्याला कळता कामा नये," मामांनी घरी जाताना बजावलं. "चोरून वाचलंय आपण."

महिन्याभरात मुलगा आला. पोहे झाले, हवापाणी झालं. कुणीतरी म्हणालं, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे."

बहिणीनं सरळ विचारलं, "दुर्बीण जहाजानं येणार की विमानानं?"

मामांनी डोळे मिटले. मुलाचा चमचा थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच लिहिलंय. मी शोधलं."

तो चिडेल असं मला वाटलं. पण त्यानं बशी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. "कसं शोधलंत?"

तिनं बायोडेटाच्या पाठीवर अवतरणचिन्हं काढली, उणे काढलं, दोन ठिपके दिले. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "जहाजानं. जूनमध्ये परीक्षा संपली की लगेच. फक्त ती ठेवायला मोकळी गच्ची लागेल."

ती काही बोलायच्या आत मामांनी डोळे उघडले.

"आमची आहे की! पाण्याची टाकी तेवढी हलवू."

"बाबा, मला बोलू द्या," बहीण म्हणाली. पण ती हसत होती.